थंडी सरली, साप निघाले

तुम्ही राहुरी, श्रीरामपूर किंवा संगमनेरकडच्या उसाच्या पट्ट्यात राहत असाल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये 'बांधावर लांबडं निघालं!' हे शब्द तुमच्या कानांवर नक्की पडले असतील. थंडीत न दिसणारे साप एकाएकी कोठून येतात?

सापाला शरीराचे तापमान आपल्यासारखे स्थिर राखता येत नाही. ऊब त्याला उन्हातून व तापलेल्या जमिनीतून घ्यावी लागते. डिसेंबर-जानेवारीत नगर जिल्ह्यात पहाटेचा पारा १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो. तेव्हा सापाच्या हालचाली आणि पचनक्रिया मंदावतात. मग तो उंदराच्या बिळात किंवा दगडांच्या फटीत पडून राहतो. दुपारी ऊन तापले, तर बाहेर येऊन शेकतो.

कॅनडातील नार्सिस येथे गार्टर जातीचे साप सारा हिवाळा जमिनीखाली काढतात. वसंतात ते हजारोंनी वर येतात आणि लगेच त्यांचे मीलन सुरू होते. थंड देशांत साप पाळणारे लोक याच क्रमाची नक्कल करतात. हिवाळ्यात ते सापाला थंड जागी ठेवतात. नंतर हळूहळू ऊब, पाणी व भक्ष्य देतात. आधी थंडी, मग ऊब, हा अनेक जातींना प्रजननाचा इशाराच असतो.

आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानातले साप पकडून पाळता येत नाहीत. आपण काळजी घ्यायची ती शिवारातल्या सापांची.

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत कधी दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसतात. लोक म्हणतात, 'नाग-धामणीचं जुळं!' कोणी त्यावर कापडही टाकतात. खरे तर नाग आणि धामण या वेगळ्या जाती आहेत. त्यांचे मीलन होत नाही. धामणीतही नर-मादी असतात, आणि असे झुंजणारे साप बहुधा धामणीचे दोन नर असतात. दुसऱ्याचे डोके खाली दाबण्याची ती कुस्ती असते. हरलेला निघून जातो.

मीलनानंतर धामणीची मादी अंडी घालते. सुमारे दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात. पावसाळ्यात निघालेल्या पिलांना बेडकांची वाण नसते. म्हणून उन्हाळ्यात बांधावर मारलेली एक मादी म्हणजे पोटातल्या अंड्यांसकट गेलेली एक पिढी! धामण बिनविषारी असून उंदीर खाते. तिच्या मरणाने फावते ते उंदरांचे.

मग काय कराल? उसाचे पाचट पेटवू नका, असे घरी सांगा. त्यात साप होरपळतात. मात्र साप ओळखता आला, तरी हात लावू नका. याच शिवारात नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे विषारी सापही असतात. रात्री बॅटरी घेऊनच चाला. दंश झालाच, तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

आणि एक वही करा. साप दिसला, की दूरूनच पाहून तारीख, वेळ, जागा आणि त्या दिवसाचे तापमान लिहा. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जुळवल्या, की तुमच्या गावात साप केव्हा जागे होतात, हे तुमचे तुम्हालाच सांगता येईल.