बालमनाच्या स्वास्थ्यासाठी योग आणि श्वसन

शाळेत येणारे मूल दप्तराबरोबर आपले मनही घेऊन येते. घरातील भांडण, परीक्षेची धास्ती, सवंगड्यांची चेष्टा यांचा भार त्या मनावर असतो. मोठी माणसे आपली व्यथा शब्दांत सांगू शकतात; लहान मुलाला ते साधत नाही. मग ते एकाएकी रडू लागते, शेजारच्या मुलाला मारते, किंवा प्रश्न विचारला असता खाली मान घालून उभे राहते. अशा वर्तनास हट्टीपणा वा आळस समजून मुलाला शिक्षा करण्याची प्रथा पूर्वापार चालत आली आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांस मनाई आहे. परंतु शिक्षा थांबली म्हणजे मुलाचे मन आपोआप स्थिर होते असे नाही. तेथे शिक्षकाच्या हाती काहीतरी साधन असावयास हवे. योग आणि श्वसनाचा साधा अभ्यास हे असे एक साधन होय.

या प्रश्नाची निकड काही मुलांच्या बाबतीत अधिक आहे. ऊसतोडणीच्या हंगामात आईवडील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात, तेव्हा मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना राबविली जाते. आदिवासी भागातील आश्रमशाळांतही लहान वयातच मुले घरापासून दूर राहतात. त्यांच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था झाली, तरी रात्री आईची आठवण येऊन व्याकुळ होणाऱ्या मुलाला धीर कसा द्यावा, हा प्रश्न उरतोच.

श्वास आणि मन

भीती वा संताप उत्पन्न होताच शरीरातील अनुकंपी चेतासंस्था जागृत होते. अ‍ॅड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताठरतात आणि श्वास उथळ व जलद होतो. संकटातून पळण्यासाठी वा झुंजण्यासाठी निसर्गाने केलेली ही योजना आहे. गणिताच्या तासाला मात्र तिचा उपयोग होत नाही. उलट विचार करण्याची शक्ती खुंटते. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग पूर्ण विकसित होण्यास वयाची सुमारे पंचविशी उजाडते. म्हणून मुलाने मोठ्यांप्रमाणे स्वतःला सावरावे, ही अपेक्षाच अवाजवी ठरते.

हृदयाचे ठोके आपल्या इच्छेने मंद करता येत नाहीत, पण श्वास मंद करता येतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते व सोडताना कमी होते. उच्छ्वास लांबविला असता व्हेगस चेतातंतूच्या द्वारे परानुकंपी चेतासंस्थेचा प्रभाव वाढतो आणि शरीर शांत होऊ लागते. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात चित्ताच्या प्रसन्नतेचा एक उपाय म्हणून श्वासाच्या नियमनाचा निर्देश केला आहे.

महाराष्ट्रातील वारसा

या विषयाला शास्त्रीय बैठक देण्याचे कार्य महाराष्ट्राच्या भूमीतच आरंभिले गेले. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत योग इन्स्टिट्यूटची स्थापना केली. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम संस्था उभारली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्ष-किरण व दाबमापक उपकरणांच्या साहाय्याने त्यांनी योगक्रियांचा शरीरावरील परिणाम तपासून पाहिला. योगाच्या बाबतीत श्रद्धेबरोबर परीक्षणही हवे, हा त्यांचा दृष्टिकोन शाळेतील उपक्रमांनाही मार्गदर्शक ठरावा.

वर्गात काय करता येईल

या अभ्यासास स्वतंत्र सभागृह वा खर्चिक साहित्य लागत नाही. परिपाठानंतर पाच मिनिटे पुरेशी होतात. मुलांनी पाठ ताठ ठेवून बसावे, एक हात पोटावर ठेवावा आणि श्वासाबरोबर पोट वरखाली होते का ते पाहावे. पहिली-दुसरीच्या मुलांनी मनात दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा व तीन अंक मोजेपर्यंत सोडावा. मोठ्या मुलांना हेच प्रमाण तीन आणि पाच असे ठेवता येते. दहा-बारा आवर्तने झाली म्हणजे थांबावे.

भ्रामरी लहान मुलांना विशेष आवडते. भुंग्यासारखा गुंजारव करताना उच्छ्वास आपोआप लांबतो, त्यामुळे मोजण्याची आवश्यकता राहत नाही. जी मुले एका जागी स्वस्थ बसू शकत नाहीत, त्यांना आधी ताडासन, वृक्षासन यांसारखी सोपी आसने द्यावीत. वृक्षासनात तोल सांभाळताना लक्ष एकाग्र होते व अंगातील चुळबुळही ओसरते. वसतिगृहात निजण्यापूर्वी शवासन आणि संथ श्वसन यांचा क्रम ठेवता येईल.

हा अभ्यास मन शांत असताना रोज केला, तरच प्रसंगी उपयोगी पडतो. संतापलेल्या मुलाला प्रथमच ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगून विशेष काही साधत नाही. तसेच श्वसनाचा उपयोग शिक्षा म्हणून कधीही करू नये.

दक्षता

लहान मुलांना श्वास रोखून धरण्यास सांगू नये. कपालभाती, भस्त्रिका यांसारख्या जोरकस क्रिया टाळाव्यात. जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते आणि चक्कर वा मुंग्या येऊ शकतात. दमा, फेफरे वा हृदयविकार असलेल्या मुलांबाबत वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. शालेय पोषण आहारानंतर लगेच आसने देऊ नयेत. डोळे मिटण्याची भीती वाटणाऱ्या मुलावर सक्ती न करता त्याला समोरच्या एखाद्या वस्तूकडे पाहू द्यावे.

मर्यादांचे भान

योगाभ्यासाने मुलांची चिंता काही अंशी कमी होते असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तथापि त्यांतील बरेच अभ्यास लहान प्रमाणावरील आहेत. सजगतेच्या शालेय पाठांविषयी ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. ती पद्धती वेगळी असली, तरी नुसते तास घेऊन भागत नाही हा बोध सर्वत्र लागू पडतो.

भूक, मारहाण, लैंगिक अत्याचार किंवा दीर्घकाळ टिकणारे नैराश्य यांवर श्वसन हा उपाय नव्हे. मूल सतत गप्प राहू लागले, जेवणझोप टाकू लागले, स्वतःला इजा करू लागले वा मरणाची भाषा बोलू लागले, तर विलंब न करता आरोग्य यंत्रणेची मदत घ्यावी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आणि संकटातील बालकांसाठीचा क्रमांक १०९८ प्रत्येक शाळेच्या फलकावर असावा.

ग्रामपंचायत सदस्य व शाळा व्यवस्थापन समिती यांनाही येथे मोठे कार्य करता येईल. बसण्यासाठी स्वच्छ, सावलीची जागा, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि पालकसभेत या विषयाची चर्चा एवढे झाले, तरी उपक्रमास स्थैर्य लाभेल. आपल्या मनात उसळलेली लाट ओसरते आणि ती ओसरेपर्यंत थांबता येते, एवढा अनुभव मुलाला शाळेने दिला, तर तो त्याला आयुष्यभर पुरेल.