नुसती काळी रेघ, पण...

चित्रप्रदर्शनात आपण हौसेनं शिरतो. फुलं, चेहरे, डोंगरदऱ्या पाहून सुखावतो. मग एका चौकटीपुढे पाय अडखळतात. पांढऱ्या कागदावर नुसत्या काळ्या रेघा! ‘यात काय कळायचं?’ म्हणत आपण पुढे सरकतो. पण जरा थांबून पाहायला काय हरकत आहे?

झरीना हाश्मी (१९३७-२०२०) यांचं २००१ सालचं ‘डिव्हायडिंग लाइन’ हे ठसाचित्रच घ्या. वेडीवाकडी वळणं घेत कागदभर गेलेली एक जाड काळी रेघ, बस्स! आधी नाव वाचू नका, नुसतं पाहा. नदी वाटते? भिंतीची भेग? जखमेचा व्रण? जे वाटेल ते वाटू द्या. त्यात चूक काही नाही.

आता नाव वाचा. ‘विभाजन रेषा’! ही भारत-पाकिस्तानची सरहद्द. झरीना अलीगढच्या. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. पुढे त्यांचे आईवडील कराचीला गेले आणि ही रेघ घराच्या मधूनच गेली.

तिसरी गोष्ट, चित्र केलं कसं? साडीवर लाकडी ठसा उमटवतात, तसंच. कोरून काढलेला भाग कोरा राहतो, उंच राहिलेल्या भागालाच शाई लागते. म्हणजे ही रेघ कोरलेली नाही. दोन्ही बाजूंचं लाकूड कोरून काढलं, तेव्हा ती मागे उरली. आपलं म्हणावं असं दोन्हीकडचं सारं गेलं, राहिली ती सरहद्द! इथे रंग असते, तर नजर त्यांच्यातच रमली असती.

झरीना गणित शिकलेल्या, त्यामुळे रेषा आणि चौकोन ही त्यांची जणू बोलीच. १९९९ साली त्यांनी ३६ ठसाचित्रांची मालिका केली. प्रत्येक चित्राखाली एक उर्दू शब्द. त्यातलं ‘घर’ म्हणजे अलीगढच्या घराचा साधा नकाशा. घर दुरावलेल्या माणसाला तेवढ्या रेघांतही अंगण दिसतं.

तेव्हा पुढच्या वेळी अशा चित्रापुढे स्वतःला तीनच प्रश्न विचारा. मला काय दिसतं? नाव काय सांगतं? हे केलं कसं? उत्तर चित्रकाराच्या मनातलंच निघेल असं नाही. पण तुम्ही रिकाम्या हाती परतणार नाही, हे नक्की!