चित्र कसे पाहावे?

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची स्थापना १८५७ साली झाली. तेथील विद्यार्थी सवड मिळताच काळा घोडा भागातील कलादालने पाहावयास जातो. प्रथम तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जुनी लघुचित्रे न्याहाळतो. बारीक कुंचल्याने रेखलेली त्यांतील पापणी अगदी जवळ गेल्यावाचून दिसत नाही. शेजारीच १९५२ साली उघडलेले जहांगीर कलादालन आहे. तेथील एखाद्या भव्य चित्रापुढून मात्र तो चार पावले मागे सरतो. तेव्हा कोठे रंगांचे विखुरलेले फटकारे एकजीव होऊन पाऊस दिसू लागतो. वहीत तो चित्राची नक्कल उतरवीत नाही. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी खुलला, एवढेच टिपून घेतो. नकलेने हात वळतो, परंतु दृष्टी ज्याची त्यानेच कमवावी लागते.