आयसीयूच्या दारात काय विचाराल?
(उतारवयातली दुखणी : भाग ६)

गेल्या आठवड्यात एकाच माणसाच्या डब्यात सात-आठ गोळ्या कशा जमत जातात ते पाहिलं. आज त्याच माणसाला आयसीयूत न्यावं लागतं तेव्हाचं बघू.

कुरुंदवाडात दुखणं वाढलं की गाडी मिरज-सांगलीच्या रस्त्याला लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं इस्पितळ उभारलं, तेव्हापासूनची ही वहिवाट. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा फुगल्या की तीही अडते. २०१९ चा पूर कोण विसरेल? म्हणून श्रावणात तरी म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ‘उद्या बघू’ म्हणू नये.

समजा, घरात ७८ वर्षांच्या आजी आहेत. शुगर, बीपी, हृदय जरा कमजोर, किडनीही अर्धवट. दोन दिवस जेवण नाही, बोलणं असंबद्ध. ताप नाही, म्हणून घरचे म्हणतात, वय झालं. पण उतारवयात न्यूमोनिया किंवा लघवीतला जंतुसंसर्ग पुष्कळदा तापाशिवायच येतो, आणि अचानक गोंधळणं हेच त्याचं पहिलं लक्षण असू शकतं. इकडे पोटात पाणी नाही, तरी बीपीची गोळी चालूच. दाब घसरतो, किडनीला रक्त कमी पडतं. त्यात अंगदुखीवर दुकानातून आणलेली गोळी किडनीला आणखी दुखावते. आयसीयूत सलाईन लावून दाब उचलावा, तर कमजोर हृदयामुळे फुप्फुसांत पाणी साचायची भीती. एकाचा इलाज दुसऱ्याला बाधतो, खरी पंचाईत ही.

अशा वेळी डॉक्टर विचारतात, ‘पंधरा दिवसांपूर्वी आजी काय काय करत होत्या?’ स्वतः आंघोळ करायच्या? नरसोबाच्या वाडीला दत्तदर्शनाला जायच्या, की कुणाचा तरी हात धरल्याशिवाय उठता येत नव्हतं? कॅनडातल्या रॉकवूड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा जर्जरपणा मोजायची पट्टी मांडली. आयसीयूतून माणूस कसा बाहेर पडेल याचा अंदाज नुसत्या वयापेक्षा या उत्तरातून जास्त येतो. तेव्हा खरं सांगा, वाढवून सांगू नका. ‘पांढरी गोळी घेते’ म्हणण्यापेक्षा गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या. चष्मा, कानाचं मशीनही न्या. रात्री आजी नळ्या ओढतात, लेकाला ओळखत नाहीत, तेव्हा हात बांधण्याआधी दिसणं-ऐकणं परत देऊन पाहावं, वार-वेळ सांगावी.

‘काय लागेल ते करा’ या वाक्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. त्यापेक्षा विचारा: व्हेंटिलेटर लावला तर तीन-चार दिवसांनी काय सुधारलेलं दिसायला हवं? नाही दिसलं तर पुढे काय?

याचं उत्तर आजींनी आधीच लिहून ठेवलेलं असू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. २०२३ मध्ये रीत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला आणि महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. घरातलं वडीलधारं माणूस धडधाकट आहे तोवर हा विषय काढा, आणि प्रत कुणाकडे द्यायची ते नगरपरिषदेत विचारून या.