अवयवदान आणि परिचारिका : एका शब्दाची अडचण

१९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने भारतात मृत्यूच्या व्याख्येत एक नवी भर घातली. मस्तिष्कस्तंभाचे कार्य कायमचे थांबले, की हृदय चालू असूनही माणूस मृत ठरू शकतो. चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसे प्रमाणित करावयाचे असते. या चौघांत परिचारिकेला स्थान नाही. त्या देहाजवळ सर्वाधिक वेळ मात्र तीच असते.

प्रमाणपत्रानंतर, संमती मिळाल्यास, तिचे काम फारसे बदलत नाही. रक्तदाब सांभाळणे, कूस बदलणे, डोळे कोरडे पडू न देणे, सारे कालच्यासारखेच. बदलतो तो या सेवेचा धनी. काल जी शुश्रूषा त्या माणसाची होती, ती आज त्याच्या मूत्रपिंडांची व यकृताची, म्हणजे कोणा अनोळखी रुग्णाची असते. काल नावाने हाक मारून कूस बदलणारी परिचारिका आज हाक मारते की नाही, हा बारकावा ‘अनुकूल की प्रतिकूल’ असे विचारणाऱ्या प्रश्नावलीत सापडण्याजोगा नाही. तत्त्वतः अनुकूल असलेलीही येथे अडखळू शकते. भाषाही तिला साथ देत नाही. रुग्णालयीन मराठीत एक ‘पेशंट’, नाहीतर ‘बॉडी’; मधल्या अवस्थेला नाम नाही. ‘मेंदूमृत’ हे विशेषण लागते तेही पेशंटलाच! नातेवाइकांना छाती वरखाली होताना दिसते, हात ऊबदार लागतो, आणि ‘सिस्टर, खरंच गेले का हो?’ हा प्रश्न तिच्याच वाट्याला येतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी १९७३ च्या हल्ल्यात जायबंदी झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानभाग यांची शुश्रूषा २०१५ पर्यंत केली. २०११ मध्ये दयामरणाची याचिका फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने तेथील कर्मचाऱ्यांच्या इच्छेला वजन दिले. ती अवस्था मेंदूमृत्यूची नव्हती. श्वास आपला आपण चालू होता. हा भेद शास्त्राला स्पष्ट आहे. शुश्रूषा करणाऱ्या हातांना तो तितका सहज जाणवत नसावा.

अवयवदानाच्या प्रचारात दधीचीचा दाखला ठरलेला. परंतु दधीचीने अस्थी दिल्या त्या स्वेच्छेने, जिवंतपणी. अतिदक्षता विभागात निजलेल्याने पुष्कळदा आधी काही सांगून ठेवलेले नसते. संमती देतात नातेवाईक, आणि ‘दाता’ हे नाम मात्र त्याला लागते. परिचारिकेच्या तक्त्यावर त्या रात्रीही पूर्वीचेच नाव असते, व त्याखाली दर तासाच्या मूत्राचा आकडा.