शिर्डी परिसरातून राज्यशास्त्राच्या पीएचडीकडे : अर्जाच्या वाटेचा मागोवा

शिर्डी, राहाता आणि कोपरगाव हा गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर उभा राहिलेला साखरेचा पट्टा समाजशास्त्र आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना अर्धशतकाहून अधिक काळ परिचित आहे. मात्र या पट्ट्यावर संशोधन होणे आणि या पट्ट्यातल्या विद्यार्थ्याने स्वतः संशोधक म्हणून विद्यापीठाच्या दारात उभे राहणे या वेगळ्या गोष्टी होत, आणि दुसऱ्या गोष्टीचा इतिहास हा बव्हंशी प्रवेश-अर्जाच्या बदलत गेलेल्या रीतीचा इतिहास आहे. पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. पुढे शेजारी नवी विद्यापीठे निघत गेली तरी अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्हा पुणे आणि नाशिकसह याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात राहिला. १९६१ मध्ये संगमनेरला आणि त्यानंतरच्या दशकभरात कोपरगाव व लोणीला महाविद्यालये सुरू झाल्याने पदवीपर्यंतचे शिक्षण घराजवळ आले, तरी संशोधनाचा विचार करणाऱ्याला पुण्याकडेच पाहावे लागे.

त्या काळी अर्जाचा निर्णायक टप्पा म्हणजे ‘गाइड मिळणे’. विद्यापीठाची मान्यता असलेला मार्गदर्शक विद्यार्थ्याला स्वीकारण्यास तयार झाला की सिनॉप्सिस, म्हणजे प्रस्तावित संशोधनाचा आराखडा, समितीपुढे जाई आणि नोंदणी होई. राजेंद्र व्होरा, यशवंत सुमंत, सुहास पळशीकर यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे पुण्याच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागाला देशभर नाव मिळाले, पण अशा प्राध्यापकांपर्यंत पोहोचण्यासाठी आधी ओळख लागे, आणि ओळख पुण्यात एम.ए. केलेल्याची अधिक असे. या पद्धतीत चांगल्या मार्गदर्शकाच्या हाती विद्यार्थी घडत असे हे खरे. परंतु कोपरगावच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या तरुण अध्यापकाला ती बंद दारासारखी वाटावी, यातही काही नवल नव्हते.

आंतरराष्ट्रीय संबंध या शाखेची, म्हणजे राष्ट्रांचे परस्परव्यवहार, युद्ध, करार आणि व्यापार यांच्या अभ्यासाची, स्थिती आणखी वेगळी होती. तिच्या डॉक्टरेटसाठी १९५५ मध्ये दिल्लीत सप्रू हाऊस येथे इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज ही स्वतंत्र संस्था निघाली आणि १९७० मध्ये ती जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाली. पुण्यात १९६३ पासून संरक्षण व सामरिकशास्त्राचा विभाग होता. तरीही जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत आंतरराष्ट्रीय राजकारण हा परीक्षेपुरता पेपर राहिला आणि संशोधनाचा विषय म्हणून तो दिल्लीचा मानला गेला. ही समजूत या परिसराला फार महागात पडली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी चित्र बदलले. पीएचडीसाठी प्रवेश परीक्षा आवश्यक ठरली आणि प्रवेशानंतर कोर्सवर्क, म्हणजे संशोधन पद्धतीचा सत्रभराचा अभ्यास, बंधनकारक झाला. पुणे विद्यापीठाची ‘पेट’ ही परीक्षा याच व्यवस्थेतली. २०१६ च्या विनियमांनी एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असावेत याची मर्यादा घातली : प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४. पेट उत्तीर्ण होऊनही मार्गदर्शकाकडे जागा रिकामी नसल्याने थांबावे लागणे हा अनुभव या मर्यादेनंतर सार्वत्रिक झाला. २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. बंद केले, प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली आणि प्रवेशासाठी लेखी परीक्षेला ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार ठेवला. एम.फिल. ही ग्रामीण महाविद्यालयांतल्या अध्यापकांची संशोधनातली पहिली पायरी होती. ती गेल्याने संशोधनाची सवय नसलेला अर्जदार थेट मोठ्या प्रबंधापुढे उभा राहू लागला, आणि या तोट्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

अर्जांच्या गर्दीला नोकरीच्या नियमांनीही हातभार लावला. विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडी अनिवार्य करण्याचे २०१८ मध्ये ठरले, अंमलबजावणी जुलै २०२१ वरून जुलै २०२३ वर गेली आणि अखेर २०२३ मध्ये नेट, सेट किंवा स्लेट या अध्यापक-पात्रता परीक्षांपैकी एक हीच किमान पात्रता ठेवून पीएचडी ऐच्छिक झाली. या पाच वर्षांत अनेकांनी विषयाच्या ओढीपेक्षा पात्रतेच्या धास्तीने अर्ज केले.

या साऱ्या बदलांत एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही, आणि तीच अर्जाचा गाभा आहे. शीर्षक, समस्येचे विधान, पूर्वसाहित्याचा आढावा, उद्दिष्टे, गृहीतके, संशोधन पद्धती, प्रकरणांची मांडणी आणि संदर्भसूची असा आराखड्याचा साचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शीर्षकाचाही साचा ठरलेला असतो : आधी एक व्यापक विषय, पुढे ‘एक चिकित्सक अभ्यास’ आणि कंसात ‘विशेष संदर्भ : राहाता तालुका’. अशा शीर्षकात तालुका केवळ आकडेवारी गोळा करण्याची जागा ठरतो. तो स्वतः प्रश्न निर्माण करत नाही. दिल्ली विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ बी. एस. बाविस्कर यांनी कोपरगावच्या सहकारी साखर कारखान्याचा अभ्यास केला तेव्हा कारखाना हा नमुना नव्हता, तर सहकारी संस्थेतली सत्ता आणि पक्षीय राजकारण एकमेकांना कसे घडवतात हा प्रश्नच त्या कारखान्यातून उभा राहिला होता. १९८० मध्ये ग्रंथरूपाने आलेले त्यांचे संशोधन आजही वाचले जाते ते याच कारणाने.

आंतरराष्ट्रीय संबंधांचा प्रश्नही याच उसाच्या फडातून निघू शकतो. ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी २०१९ मध्ये भारताच्या साखर अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तंटा निवारण पॅनेलचा निर्णय भारताविरुद्ध गेला. उसाला कारखान्याने द्यावयाची एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेली किमान रास्त किंमत, या तंट्याच्या केंद्रस्थानी होती. भारताने अपील केले, परंतु सदस्यांच्या नेमणुका रोखल्या गेल्याने अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच निकामी झाले होते. प्रवरानगरचा कारखाना आणि जिनिव्हातले ठप्प अपील मंडळ यांना जोडणारा आराखडा ‘भारत-चीन संबंध : एक अभ्यास’ यापेक्षा कितीतरी सकस ठरेल, आणि असा आराखडा लिहिण्यास राहाता-कोपरगावच्या विद्यार्थ्याइतका योग्य कोणी नाही. शिर्डीतच पाहिले तर साईबाबा संस्थानचा कारभार २००४ च्या स्वतंत्र कायद्याने राज्य शासनाच्या नियंत्रणाखाली येणे हा धर्मसंस्था आणि शासनसंस्था यांच्या संबंधांचा भरीव विषय आहे.

अर्थसाहाय्याची बाजू पूर्वीपेक्षा सुधारली आहे. नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. परदेशी अर्ज करणाऱ्यासाठी रीत निराळी : ब्रिटनमध्ये आराखडा आणि संभाव्य मार्गदर्शकाशी आधीचा पत्रव्यवहार महत्त्वाचा, तर अमेरिकेत हेतुपत्र, शिफारसपत्रे आणि लेखनाचा नमुना पाहून प्रवेश मिळतो आणि विषयाची निश्चिती पुढे होते.

आजचा सर्वांत अवघड अडसर मात्र भाषेचा आहे. विद्यापीठांनी स्वतःच्या परीक्षेऐवजी नेटच्या गुणांवर पीएचडी प्रवेश द्यावेत असा मार्ग आयोगाने २०२४ मध्ये खुला केला. जेआरएफ न मिळवलेल्या उमेदवाराचे हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य असतात. राज्यशास्त्राची नेट इंग्रजी आणि हिंदीत होते, तर पुणे विद्यापीठ राज्यासाठी घेत असलेली सेट मराठीतूनही देता येते. पण नेटच्या गुणांवर लागणाऱ्या यादीत सेटला स्थान नाही. मराठी माध्यमातून एम.ए. झालेला विद्यार्थी राज्यशास्त्राचा प्रबंध मराठीत लिहू शकतो, परंतु त्याच प्रबंधाच्या प्रवेशासाठी त्याला परक्या भाषेतल्या बहुपर्यायी प्रश्नांवर ७० टक्के भाराची लढाई द्यावी लागते. पेटसारखी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा मराठीतून टिकणे आणि मुलाखतीत आराखड्याला त्याच्या मोलाइतके वजन मिळणे या दोन्ही गोष्टी विद्यापीठाच्या अधिकारातल्या आहेत, आणि त्यांची मागणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतूनच व्हावयास हवी.