जातीमुळे की बाई म्हणून? ॲट्रॉसिटी कायद्यात काय बदललं?

आंध्र प्रदेशात 2011 मध्ये एका अंध दलित तरुणीवर बलात्कार झाला. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपीची बलात्कारासाठीची जन्मठेप कायम ठेवली, पण ॲट्रॉसिटीची शिक्षा रद्द केली. का?

जुन्या कलमात गुन्हा 'जातीच्या कारणावरून' झाला हे सिद्ध करावं लागायचं. आता हे दाखवायचं कसं? ती दलित, बाई आणि अंध एकाच वेळी होती. हे वेगळं काढणं अवघड आहे, हे कोर्टानेही मान्य केलं. तरी पुरावा कमी पडला.

26 जानेवारी 2016 पासून कलम बदललंय. आरोपीला पीडितेची जात माहीत होती, एवढं पुरे. तो तिच्या किंवा कुटुंबाच्या ओळखीचा असेल, तर कोर्ट तसं गृहीतच धरतं. म्हणून ही ओळख एफआयआरमध्ये लिहून घ्याच.